पोळ्याचा रंग, तांब्याचा गंडा

त्या गुरुवारी बोरदऱ्यात उत्तरेश्वर आबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गडीमाणसं गोठ्याच्या पत्र्यावर चढली होती, पोरं लिंबाला लोंबकळत होती, आणि दानम्मा आजी सगळ्यांच्या पुढं मांडी घालून बसलेली असूनही दर पाच मिनिटांनी ओरडत होती, "मला काईच दिसंना गं बाई!"

बघण्यासारखं होतं ते मधोमध उभं होतं. आबांचा ट्रॅक्टर. आबांच्या वडलांनी साठेक वर्षांपूर्वी आणलेला, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा, आसपासच्या गावांत पहिला. त्याच्या जातीचे ट्रॅक्टर आता भंगारातही सापडत नाहीत. याच्या बॉनेटवर मात्र बैलाची झूल होती, मडगार्डांना बैलाच्या शिंगांना लावतात तो हिंगूळ होता, दिव्यांना बाशिंग होतं आणि पुढच्या चाकापाशी नारळांचा ढीग होता. बाया येत, टायरला हळदीकुंकू लावत, डोकं टेकवत आणि मागं सरत.

शेजारी हरिओम महाराज उभे. पांढरं धोतर, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर भली मोठी भगवी शाल. केजकडून स्वतःच्या जीपनं आले होते.

"हे लोखंड न्हवं!" महाराज गरजले. "हे वाहन हाय! वाहनात प्राण असतो, प्राणाला नाडी असती, नाडीत वायू असतो. आन् वायूला कुणी धरलं, तर काय होतं?"

"बंद पडतं!" पत्र्यावरून सटवा ओरडला. सटवानं घरचा बिघडलेला मिक्सर काखेत धरून आणला होता. जमलं तर त्याचंही उरकून घ्यावं, असा त्याचा विचार.

"बरूबर! तर मग कुणी धरलं?"

"कुणी धरलं?" सगळं अंगण.

"सांगतो. आधी पाच नारळ फोडा."

पाच नारळ फुटले. महाराजांनी झोळीतून हातभर लांब गंडा काढून चारी दिशांना दाखवला. तांब्याची तार, तिच्यावर काळा दोरा. मग खांद्यावरची शाल काढून अख्ख्या इंजिनावर पसरली आणि गंड्यासकट दोन्ही हात शालीखाली घातले. ओठ हलत होते, कोपर हलत होते. पत्र्यावरची माणसं पुढं झुकली. तीन-चार मिनिटांनी शाल निघाली. गंड्याचं एक टोक इंजिनाच्या पोटात गेलेलं, दुसरं बॅटरीच्या टोकाला गुंडाळलेलं.

"मार आता."

आबांचा मुलगा प्रविण सीटवर बसला होता. गेले बारा-तेरा दिवस बटण दाबलं की इंजिन नुसतं घर्र घर्र करायचं. मधूनच कधी सुरू व्हायचं आणि पुन्हा दगा द्यायचं. आज त्यानं बटण दाबलं आणि भडभडभड करत ट्रॅक्टर असा जागा झाला, की लिंबावरची दोन पोरं खाली आली.

"बोला हरिओम म्हाराज की..."

आरोळी गोठ्याच्या पत्र्यावर आदळली. आबांची बायको विमलबाई महाराजांच्या पायांवर पडली आणि उठेचना. महाराजांनी चष्मा काढला, हात वर केला, आणि सगळं शांत झाल्यावर बोट सावकाश खाली आणत घराच्या दाराकडं नेलं.

दारात धनश्री उभी होती. तलवाड्याची पोर, बारावी झालेली, उन्हाळ्यात लग्न होऊन प्रविणच्या घरात आलेली.

"नाडी सोडवली. पर धरणारं अजून घरातच हाय. जे नवं आलंय, तेच्या पायानं आलंय." महाराजांचा आवाज आता मऊ झाला होता, आणि तो गरजण्याहून वाईट होता. "घाबरायचं कारण न्हाई. पुढच्या गुरुवारी गाडी आणतो. सर्वपित्री अमावास्येपर्यंत मठात राहील. दहा दिवसांचा उतारा. एकटीच पायजे. संगट कुणी आलं, तर बाधा त्येला चिकटती."

दारातल्या पोरीनं पदर तोंडात धरला. प्रविणनं इंजिनाच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं केलं.

गर्दीच्या मागं उभ्या असलेल्या मोटारवाल्या मंगलला मात्र नीट ऐकू आलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला आधी बरं वाटलं. म्हणजे पोळ्याआधी आपण या इंजिनात बसवलेल्या डबीत दोष नव्हता, एवढंच तिच्या मनात आलं. मग तिनं दाराकडं पाहिलं आणि त्या बऱ्या वाटण्याची तिला किळस आली. तरी तिनं पिशवी उचलली आणि नेकनूरची जीप धरली.

*

मंगलचं नेकनूरच्या फाट्यावर जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान. नवरा गेल्यावर दीर दुकानाला कुलूप लावायला आले, तेव्हा तिनं त्यांच्यासमोर बसून एक मोटार भरून दाखवली होती. शिकवलं कुणी नव्हतं. जळालेली मोटार उलगडायची, तारेचे वेढे चिंचोक्यांवर मोजायचे, आणि तेवढेच वेढे नव्या तारेचे घालायचे. बाईचा हात म्हणून पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक दारातून परत जायचं. आता आठ-दहा गावांच्या मोटारी तिच्याकडं येतात. एक मोटार वाईट भरली, तर त्या आठ-दहा गावांत संध्याकाळपर्यंत कळतं, हेही तिला माहीत.

पोळ्याच्या आधी आबा दुकानात आले होते. आबांच्या घराला बोरदऱ्यात पोळ्याचा मान. वेशीवरच्या तोरणाखालून पहिली जोडी त्यांची जाणार, मग बाकीच्या गावाची. आबांनी बैल ठेवणं सोडल्याला आठ वर्षं झाली, पण मान कसा सोडायचा? तेव्हापासून बैलांच्या जागी हा म्हातारा ट्रॅक्टर तोरणाखाली जातो. त्याला आंघोळ, त्याला झूल, त्याला पुरणपोळीचा घास. आणि दरवर्षी पोळ्याआधी अंगभर नवा रंग. अंगभर म्हणजे अंगभर. बॉनेट तर रंगतंच, पण इंजिन, नट, बोल्ट, जे दिसेल त्यावर ब्रश फिरतो.

"मंगल, दर म्हैन्याला पॉईंट जळतो," आबा म्हणाले होते. "आन् आता मिळंना कुटं. ऐन तोरणाखाली बंद पडला तर तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई."

जुन्या पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला पॉईंट नावाची दोन छोटी पाती असतात. उघडतात, मिटतात, त्यावर ठिणगी पडते. जळतात, घासावी लागतात, झिजतात. मंगलनं कुरियरनं एक इलेक्ट्रॉनिक डबी मागवली. पाती काढून तिथं डबी बसवायची की घासणं नाही, झिजणं नाही. फोनवर व्हिडिओ बघत, थांबवत, पुन्हा बघत तिनं ती बसवली. दोन तारा जिथल्या तिथं गेल्या. राहिली तिसरी, काळी. ती इंजिनाच्या लोखंडाला लागली पाहिजे, रंग खरवडून, उघड्या लोखंडाला. डबीसोबतच्या कागदावर एवढंच जाड अक्षरात छापलेलं होतं.

तिनं कानस काढली. आबा धावत आले.

"अगं ए! पोळ्याचा रंग हाय! काल तर दिलाय. बैलाच्या अंगाला कुणी कानस लावतं का?"

"बोटभर जागा, आबा. कुणाला दिसणार बी न्हाई."

"मला दिसंल की."

साठी उलटलेला माणूस, डोळ्यांत पाणी यायचंच राहिलेलं. मंगलनं कानस पिशवीत टाकली आणि काळी तार रंगावरच ठेवून नट आवळला. ट्रॅक्टर सुरू झाला. आबा लहान पोरासारखे हसले. रंग खरवडायचा राहिला, एवढं तिच्या मनात राहून गेलं.

पोळ्याच्या दिवशी धनश्री पहिल्यांदाच ओवाळायला तोरणाखाली उभी होती. तिनं ताट वर केलं, ट्रॅक्टरनं दोन उचक्या दिल्या आणि तो बंद पडला. मागं गावाच्या बैलजोड्या ताटकळल्या. शेवटी आबांचा मान चौघांनी ढकलत ढकलत तोरणाखालून काढला. संध्याकाळपर्यंत गावानं कारण शोधलं होतं. नवी सून, नवं पाऊल. नवी डबीही होती, पण डबीकडं कुणी बोट दाखवलं नाही. मंगल दुकानात बसून वाट पाहत राहिली, की आज कुणी तरी येईल आणि म्हणेल, तुझी डबी वाईट. कुणी आलं नाही. आणि कुणी येत नाही तोवर तीही गेली नाही.

*

हरिओम महाराजांची गाडी गुरुवारी येणार होती. बुधवारी दुपारी मंगल बोरदऱ्याला गेली. आबांच्या विहिरीची मोटार बघायची, असं निमित्त केलं. आबा रानात होते. विमलबाईंनी ओट्यावर बस म्हणून सांगितलं आणि आत हाक मारली.

धनश्री पाण्याचा तांब्या घेऊन आली. मंगलच्या हातात दिला नाही. चार हात लांब जमिनीवर ठेवला आणि मागं सरली.

"अगं, हातात दे की."

"नगं आक्का. तुमच्या पिशवीत मिशिनी असत्यात." ती खाली बघत म्हणाली. "बंद पडतील."

चालताना ती पावलाच्या कडेवर भार देत होती. दोन्ही टाचांना चिंध्या बांधलेल्या.

"पायाला काय झालं?"

"काई न्हाई." आणि ती आत गेली.

तांब्या तसाच ठेवून ती ट्रॅक्टरपाशी गेली. प्रविण तिथं टायरवरची हळद पुसत होता.

"प्रविण, पोळ्यापासून गंडा बांधीपर्यंत हा एकूण कितीदा बंद पडला?"

"लईदा."

"लईदा न्हवं. मोजून सांग."

त्यानं बोटं मोडायला सुरुवात केली. तोरणाखाली एकदा. बांधावर, ती भाकरी घेऊन आली तेव्हा. विहिरीवर, ती धुणं धूत होती तेव्हा. मग बोटांचा वेग कमी झाला. ओढ्यात. नेकनूरच्या रस्त्याला दोनदा. बिभीषणच्या मळ्यात. तिथंच परत. घरामागं.

"नऊ," मंगल म्हणाली. "आन् धनश्री हाजर होती ते?"

"तीन."

"बाकी सहा वेळा कोण होतं?"

प्रविणनं हळदीचं फडकं खाली ठेवलं. "मीच होतो. एकलाच."

"हे घरात सांगितलंस?"

"कुणी इचारलंच न्हाई."

मंगलनं पिशवीतून मीटर काढलं. गंड्याचं बॅटरीवरचं टोक सोडलं आणि काळ्या तारेपासून बॅटरीपर्यंत वाट मोकळी आहे का, ते पाहिलं. काटा जागचा हलला नाही. तारेला हातानं जरा हलवलं, तर काटा उडी मारून पुन्हा पडला. म्हणजे तेच. रंगाच्या थरावर बसलेली तार. नवा नट आवळलेला होता तेव्हा त्याच्या आतल्या आट्यांमधून कशीबशी वाट मिळत होती. इंजिन तापलं, हादरलं, की ती वाट तुटायची. महाराजांचा गंडा म्हणजे त्या काळ्या तारेपासून थेट बॅटरीपर्यंत घातलेली दुसरी तार. काळ्या दोऱ्यात गुंडाळलेली, बस्स.

गंड्याचं टोक परत बॅटरीला गुंडाळून ती वाकली आणि तिनं नट जवळून पाहिला. रंगवलेल्या नटाच्या कोपऱ्यांवरचा रंग ताजा उडालेला होता. पाना लागला होता. तांब्याची तार नुसती गुंडाळलेली नव्हती. तिचं गोल कडं करून नटाखाली ठेवलेलं होतं, आणि कड्याचं टोक नट ज्या बाजूला आवळतो त्याच बाजूला वळवलेलं. उलटं वळवलं तर आवळताना कडं उघडतं. हे दुकानात काम केलेल्या हातालाच माहीत असतं. या माणसाला बिघाड पहिल्या नजरेत कळला होता. त्याच्या मालकीची ती विद्या होती. ती वापरून त्यानं दोन मिनिटांत ट्रॅक्टर नीट करून द्यायला हवा होता. त्यानं ट्रॅक्टर नीट केला आणि पोर मागून घेतली.

आबा रानातून आले तेव्हा तिनं सगळं सांगितलं. आपली चूकही सांगितली. आबांनी दाढी खाजवली.

"मंगल, तू म्हणतीस तर असंल. पर आता गाव दारात येतंय. तीन गावची माणसं येऊन गेली. पोळ्याला ढकलत नेला तवा हसत होती, तीच आता पाया पडत्यात. तुझं ऐकलं, तर पुन्हा हसतील. पुढच्या साली तोरणाचा मान दुसऱ्याच्या दारी जाईल."

"आन् पोर?"

"दहा दिसांचा तर सवाल हाय."

"आबा, एकटी पोर, परका माणूस, दहा दिस. तुमच्या लेकीला धाडलं असतंत?"

आबा उठून गोठ्याकडं गेले. गोठ्यात आठ वर्षं बैल नव्हते.

*

गुरुवारी जीप आली. धनश्री पिशवी घेऊन दारात उभी होती. गर्दी मागच्या वेळेपेक्षा दुप्पट, सटवा मिक्सर घेऊन हजर, दानम्मा आजी पुढं. ट्रॅक्टर मुद्दाम चालू ठेवलेला. महाराजांनी नारळ फोडून घेतले आणि जीपच्या दाराकडं हात केला.

"चला. मुहूर्त टळू नये."

"थांबा." मंगल पुढं आली. तिनं मडगार्डावर हात ठेवला. "ट्रॅक्टर बंद पडला ती माजी चूक हाय. ही डबी मी बसवली. काळी तार लोखंडाला लावायची, ती मी रंगावर लावली. पोरीचा काई संबंध न्हाई."

अंगणात कुजबुज झाली. "मोटारवाली मंगल?" "मग तवाच कावून न्हाई बोलली?" तो प्रश्न हवेत राहिला.

महाराज हसले. "माय, चूक तुज्या हातून झाली, पर करवून कुणी घेतली? हाताला बुद्धी कोण देतं?"

"ते मला ठाव न्हाई. पाना कोण चालवतं ते ठाव हाय." मंगलनं हात घालून गंड्याचं बॅटरीवरचं टोक काढलं. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

"अगाई!" गर्दी मागं सरली. विमलबाईंनी कपाळावर हात मारला. महाराजांनी दोन्ही हात वर केले. "बघा! गंड्याला हात लावला, प्राण गेला! आता या बाईवर काय कोसळंल ते..."

"काकू, एक उलथनं द्या चुलीवरचं."

"काय?"

"भाकरी उलथायचं उलथनं. अन् धनश्री, तूच घेऊन ये."

मग धनश्री पिशवी ठेवून आत गेली आणि काळं पडलेलं उलथनं घेऊन आली, पण लांबच उभी राहिली. मंगलनं उलथन्याची दोन्ही टोकं दगडावर घासून लख्ख केली आणि तिच्या हातात परत दिलं.

"हे टोक या नटापाशी, तांब्यावर. हे दुसरं बॅटरीच्या या टोकावर. दाबून धर. काई होत न्हाई, मी हाय."

"आक्का, मी नगं."

"तूच पायजेस."

तिनं उलथनं टेकवलं. मंगलनं प्रविणकडं पाहिलं. प्रविणनं धनश्रीकडं पाहिलं, बहुतेक त्या महिन्यात पहिल्यांदाच, आणि बटण दाबलं.

भडभडभड.

कुणी आरोळी ठोकली नाही. माणसं फक्त बघत राहिली. पांढऱ्या पायाची म्हणून गाडीत घालायला काढलेली पोर हातात उलथनं धरून ट्रॅक्टर चालवत होती.

"उचल." बंद. "टेकव." प्रविणचं बटण, सुरू. "उचल." बंद.

"आयला!" सटवा पत्र्यावरून खाली उतरला. "उलथन्यात बी देव हाय का काय?"

"उलथन्यात लोखंड हाय," मंगल म्हणाली. "तुमी ऊसतोडीला जाता ना? टोळी कारखान्याला गेली, की काम करून परत गावाला यायला रस्ता लागतो. बॅटरीतून निघालेली वीज तशीच. ठिणगीचं काम करून तिला बॅटरीत परत यावं लागतं. परतीच्या रस्त्यावर रंग बसलाय. गंडा बांधा, उलथनं लावा, विळा लावा. रस्ता झाला की इंजिन चालतं." मग ती प्रविणकडं वळली. "किती वेळा बंद पडला, ते सांग सगळ्यांना."

प्रविण सीटवरून उठला. "नऊ वेळा. सहा वेळा मी एकलाच होतो."

विमलबाईंनी लेकाकडं असं पाहिलं, की ते पाहणं बाकीच्यांना बघवेना.

महाराज शाल सावरत म्हणाले, "उलथन्यानं चालला, तो गंड्याची शक्ती आत मुरली म्हणून."

"मग आता शाल न टाकता बांधून दाखवा," मंगल म्हणाली. "नटाच्या कोपऱ्यांचा रंग उडालाय. मंत्रानं नट सुटत असतील, तर उघड्यावर सोडा."

"मंत्र गुप्त असतो."

"आरं पर मला काईच दिसंना!" दानम्मा आजी इतका वेळ थांबली होती, तेच खूप होतं. "मागल्या बिस्तरवारी बी दिसलं न्हाई. एवढं पुढं बसून काय उपेग? काढ की ती शाल!" आणि तिनं बसल्या जागेवरून शालीचं टोक धरून ओढलं. शालीच्या घडीतून काहीतरी निसटलं आणि फरशीवर टण्ण वाजलं. दहा नंबरचा पाना.

आधी एक पोरगं हसलं. मग सगळं अंगण. मंगल हसली नाही. तिनं पाना उचलून महाराजांच्या हातात दिला.

"हात चांगला हाय तुमचा. कडं बरूबर वळवलंय. कुठल्यातरी गॅरेजात शिकलात, तर गॅरेजच टाका. आन् बाईला बाधेची ठरवून उचलून न्यायला जादूटोण्याच्या कायद्यात शिक्षा हाय, तेवढं ध्यानात ठेवा."

महाराजांनी काळा चष्मा लावला. "कलियुग," म्हणाले, आणि जीपमध्ये बसले. जीप मात्र पहिल्या झटक्यात सुरू झाली. तिच्या तारा नीट लावलेल्या असणार.

मंगलनं पिशवीतून कानस काढली आणि आबांपुढं धरली. "आबा, तुमीच खरवडा."

आबांनी कानस घेतली. बराच वेळ ते इंजिनावर हात ठेवून उभे राहिले, जसा माणूस बैलाच्या वशिंडावर ठेवतो. मग खरवडायला लागले. या सालचा लाल, गेल्या सालचा निळा, त्याच्या आधीचा हिरवा, एकेक पोळा निघत गेला. शेवटी रुपयाएवढं पांढरं लोखंड दिसलं. मंगलनं तार त्यावर ठेवून नट आवळला. गंडा नाही, उलथनं नाही. ट्रॅक्टर सुरू झाला आणि कितीतरी वेळ चालत राहिला. कुणी पाया पडलं नाही. चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या पाया कशाला पडायचं?

"मंगलताई, मग माझ्या मिक्सरचं काय?" सटवानं विचारलं.

"आण दुकानात. ब्रश झिजला असंल."

*

गर्दी पांगल्यावर धनश्रीनं मंगलच्या काळ्या झालेल्या हातांवर पाणी घातलं. या वेळी अगदी जवळ उभी राहून.

"आक्का, तुमाला आधीपासून ठाव होतं?"

"शंका होती."

"मग वीस दिस गप कावून बसलात?"

मंगल साबण चोळत राहिली. "भ्याले. माजं काम वाईट म्हणतील म्हणून."

तांब्यातलं पाणी पडत होतं. "मी रोज पाय धुवायची," धनश्री म्हणाली. "इटकरीनं घासून घासून. आधी वाटायचं, खोटं बोलत्यात. मग मलाच वाटाय लागलं, माज्याच पायात काईतरी हाय."

मंगलनं खाली पाहिलं. चिंध्यांमधून लाल मांस दिसत होतं. बोटभर रंग खरवडायचा राहिला होता. त्यापायी या पोरीनं आपली कातडी खरवडली होती.

दुसऱ्या दिवशी धनश्री तलवाड्याला गेली, आईकडं, स्वतः सांगून. टाचा भरल्या की बघू, म्हणाली. प्रविण दोनदा जाऊन आला आहे. ती अजून आलेली नाही. विमलबाई अजूनही शनिवारी ट्रॅक्टरला लिंबू बांधतात, पण आता सुनेचं नाव काढत नाहीत. आबा म्हणतात, पुढच्या पोळ्याला रंग देताना तेवढी जागा सोडायची.

ती जागा सोडावी लागेल, आणि पुसतही राहावं लागेल. उघडं लोखंड गंजतं. त्यावर ओल बसते, धूळ बसते, आणि कुणीतरी कौतुकानं पुन्हा ब्रश फिरवतं. म्हणून मंगल दर महिन्याला जाऊन ते घासून येते. तिच्या दुकानाच्या फळीवर आता खडूनं लिहिलेलं आहे. बाया, बाप्ये, कुणीही मोटार घेऊन आलं की ती आधी ते वाचायला लावते: यंत्र बंद पडलं, तर आधी तार बघा. कितीदा बंद पडलं, ते मोजा. ज्याला शालीखाली हात घालावा लागतो, त्याला शाल काढायला सांगा. आणि चूक आपली असेल, तर त्याच दिवशी बोला. वीस दिवस थांबू नका.